सेलूकर बाई गाडी चालवतात

सेलूकर बाईंच्या गाडीत मी पहिल्यांदा बसलो तेव्हा दार तीनदा आपटलं आणि तिन्ही वेळा ते लागलं नाही. चौथ्यांदा आपटणार तेवढ्यात बाईंनी आरशातून माझ्याकडे पाहिलं. फळ्यावर चुकीचं उत्तर लिहिणाऱ्याकडे पाहावं तसं.

"क्लार्क साहेब, भांडायलाव का तिच्याशी? थोडं वर उचला, मग आत घ्या. हळू."

मी उचललं, आत घेतलं, आणि दार तिजोरीसारखं खट्ट करून बंद झालं. बाईंनी मान डोलावली. माझा प्रवेश मंजूर झाला होता.

आमची शाळा ताडकळसला. मी तिथला क्लार्क, बाई गणिताच्या. शाळेतल्या अर्ध्या लोकांसारखं आम्हीही राहायला परभणीला आणि रोज अपडाऊन. त्याआधी मी बसनं जायचो. "माझ्या गाडीत जागा हाय, येत जा" असं बाई म्हणाल्या तेव्हा मला हर्ष झाला, आणि सकाळी कोपऱ्यावर ती गाडी येऊन उभी राहिली तेव्हा तो ओसरला. आभाळी रंगाची, ठिकठिकाणी पोपडे आलेली, माझ्यापेक्षा वयानं मोठी अशी अँबॅसिडर. लग्नाळू पुतण्याला कुणी पाहायला येणार होतं तेव्हा मी मुद्दाम एक गल्ली अलीकडे उतरून घरी चालत गेलो होतो. आता हे लिहिताना माझीच मला लाज वाटते, पण गेलो होतो.

बाई उंचीनं एवढ्याशा. सीटवर एक जाड गादी, तिच्यावर बाई, कमरेला खोचलेला पदर आणि सुती साडीखाली पांढरे कॅनव्हासचे बूट. शाळेच्या चपला मागच्या काचेपाशी ठेवलेल्या असायच्या. शाळेच्या दारात बूट उतरवून चपला घालायच्या, म्हणजे बाई शिक्षिका झाल्या. संध्याकाळी चपला काढून बूट घातले की त्यांचा चेहराच बदलायचा. दिवसभर नववी-दहावीशी झगडून थकलेली बाई स्टिअरिंगला हात लावला की दहा वर्षांनी तरुण दिसायची, हे मी रोज पाहिलेलं आहे.

पुढची सीट आडवी, सलग. तिच्यावर बाईंच्या शेजारी आमचे खेळाचे गव्हाणे सर. देह असा की गाडी एका अंगाला कलायची. "सर, वळणावर जरा माझ्या बाजूला सरका," असं बाई त्यांना गंभीरपणे सांगायच्या आणि ते सरकायचेही. मागं मी, आणि त्या दिवशी रस्त्यात जो हात दाखवेल तो. बाजाराच्या दिवशी टोपल्या, कोंबड्या, एकदा तर ताडकळसच्या एका आजीबाईंचं नवंकोरं जातं. बाई कुणाला नाही म्हणायच्या नाहीत. अट एकच. वाटेतलं पिंगळी गाव येईपर्यंत कुणी बोलायचं नाही.

"कामून बाई?" गव्हाणे सरांनी एकदा विचारलं.

"ती सांगायली ना, काल रात्री कशी झोपली ते. ऐकू द्या की मला."

आणि खरंच, बाई ऐकायच्या. मान किंचित तिरकी, एक पाय क्लचवर, डावा हात स्टिअरिंगखालच्या गिअरच्या दांड्यावर. मला सगळा एकच घुर्र आवाज यायचा. बाई त्यातनं नेमकं काढायच्या. "आज पाणी कमी प्यायली," म्हणायच्या, आणि पिंगळीला थांबून बॉनेट उघडलं की रेडिएटर खरंच उणा निघायचा. पुढं पुढं मलाही कळायला लागलं. गाडी चढाला लागली, बाईंनी दांडा खाली ओढला आणि इंजिनानं हुश्श केलं की माझाही जीव मोकळा व्हायचा. मग बाई पुढच्या काचेशेजारची ती छोटी तिकोनी काच फिरवायच्या आणि वारा थेट तोंडावर घ्यायच्या. एप्रिल महिन्यात तो वारा भट्टीतला असायचा. बाईंना काही फरक पडायचा नाही.

ही गाडी बाई का चालवतात, याबद्दल स्टाफरूममध्ये तीन पक्ष होते. पहिला म्हणायचा, चिक्कू आहेत. दुसरा म्हणायचा, हट्टी आहेत. तिसरा, हळवा पक्ष, डोळ्यांत पाणी आणून म्हणायचा की गेलेल्या नवऱ्याची आठवण आहे हो ती. मी तिसऱ्या पक्षात होतो. बाईंना हे कळलं होतं, पण त्या वादात पडायच्या नाहीत. फार तर एवढंच म्हणायच्या, "सासऱ्यांनी घेतली, मालकांनी पुसली, चालवली मी."

ताडकळस पंचक्रोशीत लग्न असलं की नवरदेवासाठी ही गाडी मागायला लोक यायचे. बाई नाही म्हणायच्या नाहीत, पण गाडी एकटी द्यायच्या नाहीत. "गाडीसंगट मी येणार." त्यामुळे आमच्या भागातल्या कित्येक वराती गणिताच्या बाईंनी हाकलेल्या आहेत. एका वरातीत मी मागच्या सीटवर करवल्यांच्या घोळक्यात चेंगरून बसलो होतो. पुढं बाईंच्या शेजारी फेटा बांधलेला नवरदेव. बाईंचाच जुना विद्यार्थी, दहावीला गणितात गटांगळ्या खाल्लेला. बाहेर बँड जोरात, पुढं पोरं नाचायलेली, गाडी मुंगीच्या पावलानं. बाईंनी हळूच विचारलं, "काय रे, त्रिकोणाच्या तिन्ही कोनांची बेरीज किती?"

नवरदेव घामाघूम. मुंडावळ्या बाजूला करत म्हणाला, "बाई, आज तरी सोडा."

"आज सोडलं तर उद्या बायको विचारल. सांग."

"एकशे... एकशे ऐंशी?"

बाईंनी जोरात हॉर्न वाजवला. नाचणाऱ्यांना वाटलं त्यांच्यासाठीच, ते आणखी चेकाळले. तो नवरदेव पुढं मला म्हणाला, "सर, मांडवात घाबरलो न्हाई तेवढा गाडीत घाबरलो." बायकोनं काय विचारलं ते त्यानं सांगितलं नाही.

शाळेच्या कमिटीवर नाना होते. मोठे बागायतदार, मोठी काळ्या काचांची गाडी, आणि बाईंची अँबॅसिडर दिसली की एक ठरलेला विनोद. "बाई, म्युझियमवाले विचारायलेत, द्यायची का?" बाई हसून सोडून द्यायच्या. एकदा नानांचे नवे व्याही-विहीण ताडकळसला आले होते. त्यांना चुडाव्याला पॅसेंजरवर सोडायचं होतं, पण त्याआधी आपली शाळा दाखवावी म्हणून नाना त्यांना घेऊन आले. शाळा दाखवून झाली आणि नानांची गाडी उघडेना. किल्लीतला सेल संपला होता. नाना बटण दाबून दाबून रडकुंडीला आले. व्याही घड्याळ पाहायलेले. नव्या व्याह्यांची गाडी चुकवणं म्हणजे काय, हे आमच्याकडे कुणाला सांगायला नको. ती गोष्ट नातवंडांच्या लग्नापर्यंत निघते.

बाई वर्गातून आल्या, चपला काढल्या, बूट घातले. "बसा," एवढंच म्हणाल्या.

नाना पुढं, व्याही-विहीण आणि मी मागं. वाट दाखवायला म्हणून मी बसलो होतो, खरं तर मला गंमत चुकवायची नव्हती. बाई आपल्या नेहमीच्या पन्नासच्या वेगानं निघाल्या. नानांचा उजवा पाय हवेतच ॲक्सिलेटर दाबायला लागला.

"बाई, जरा दाबा की."

"नाना, रस्ता मला ठावा हाय, गाडी मला ठावी हाय, वेळ तुमी सांगितला. गणितात अज्ञात काही राहिलंच न्हाई. उगी घाई कामून करायलाव?"

चुडाव्याच्या स्टेशनात गाडी शिरली तेव्हा सिग्नल नुकता पडत होता. पण खरी गंमत पुढंच आहे. व्याही खाली उतरेनात. मागच्या सीटवर हात फिरवत म्हणाले, "आमच्या वडलांकडं होती अशी. तिच्यातच बसून शाळेत गेलो मी." विहीणबाईंनी त्यांना अक्षरशः ओढून प्लॅटफॉर्मवर नेलं. म्युझियमचा विनोद नानांनी पुन्हा केला नाही.

आता मुख्य गोष्ट, आणि तिच्यातली चूक माझी आहे.

जुन्या गाडीचं दर पाच वर्षांनी पासिंग करून घ्यावं लागतं. आरटीओत गाडी न्यायची, साहेबांनी तपासायची, पास झाली तर आणखी पाच वर्षं रस्त्यावर, नाही झाली तर भंगारात. बाईंच्या गाडीची मुदत दिवाळीनंतर संपत होती आणि निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. पुण्याहून त्यांचा मुलगा मंदार रोज फोन करायचा. त्यानं आईसाठी गिअर न टाकता चालणारी नवी गाडी पसंत करून ठेवली होती, नोंदणीसुद्धा करून टाकली होती. पोरगा वाईट नव्हता, आईच्या गुडघ्यांची त्याला काळजी होती. शेवटी माय-लेकात ठरलं. पासिंग झालं नाही तर आई त्याचं ऐकेल.

"कबूल," बाई फोनवर म्हणाल्या. फोन ठेवला आणि पिंगळीच्या पुढं गेल्यावरही त्या दिवशी एक शब्द बोलल्या नाहीत.

दिवाळीच्या सुट्टीत त्या मुलाकडे गेल्या तेव्हा किल्ली माझ्याकडे दिली. "रोज पाच मिनिटं सुरू करत जा. बोलत जा तिच्याशी." मी बोललो नाही, पण एक अक्कल लढवली. गव्हाणे सरांना म्हणालो, पासिंगच्या आधी गाडी रंगवून ठेवू, बाई आल्या की चकित होतील. सर तयारच होते. मी क्लार्क माणूस, कागदाला पक्का. आरसी बुकात रंग आभाळी लिहिलाय म्हणजे आभाळीच पाहिजे, छटासुद्धा तीच, म्हणून जुन्या रंगाचा पोपडा खिशात घालून लतीफभाई पेंटरकडे गेलो. माझ्या या दूरदृष्टीचं मला इतकं कौतुक वाटत होतं की घरी बायकोलाही दोनदा सांगितलं.

लतीफभाईंनी जीव ओतून काम केलं. पोपडे खरवडले, खड्डे लांबीनं, म्हणजे पेंटरच्या पुटीनं, भरले, घासून गुळगुळीत केले, वर रंग. बाई परत आल्या, अंगणात गाडी पाहिली आणि तिच्याभोवती एक चक्कर मारली. मग पदरानं डोळे टिपले आणि म्हणाल्या, "नवरी केली की हिला तुमी!" मला आभाळ ठेंगणं झालं.

मुदतीच्या शेवटच्या दिवशी आम्ही तिघं आरटीओत गेलो. साहेब तरुण होते, खाकीतले, हातात पॅड. दिवे पाहिले, हॉर्न पाहिला. बॉनेट उघडलं. बॉनेटखालच्या पत्र्यावर चेसिस नंबर ठोकलेला असतो, त्यावर कागद ठेवून पेन्सिलीनं ठसा घ्यायचा असतो. साहेबांनी कागद ठेवला, पेन्सिल फिरवली. कागद नुसता काळा झाला.

"नंबर कुठाय?"

पत्रा आरशासारखा गुळगुळीत होता. आभाळी.

रंगाची छटा जुळवणाऱ्या शहाण्याला नंबर आठवला नव्हता. मी लतीफभाईंना फोन लावला. ते थिनरचा डबा घेऊन स्कूटरवर आले आणि बाईंसमोर कान धरून उभे राहिले. "गलती हो गई बाई. मैं समझा जंग के गड्डे हैं. एक-एक गड्डा भर डाला मैं. इत्ता बारीक काम किया!"

साहेब म्हणाले, "मॅडम, नंबर दिसल्याशिवाय मी काय लिहू? ही गाडी तीच कशावरून? मी जेवून येतो. तोवर दिसला तर बघू, न्हाई तर अर्ज परत."

गव्हाणे सर स्क्रूड्रायव्हर घेऊन पुढं झाले. बाईंनी त्यांचा हात धरला. "सर, एक ओरखडा पडला तर साहेब म्हणतील नंबर खोडला. मंग संपलंच." बाई माझ्याकडे वळल्या. मला वाटलं, आता बोलतील. त्या म्हणाल्या, "क्लार्क साहेब, कागद काढा. मी नंबर म्हणते, तुमी ताडून बघा."

लतीफभाईंनी फडकं थिनरमध्ये भिजवून पत्र्यावर दाबून धरलं. रंग सुटला, खाली पांढरी लांबी. बाईंनी चष्मा चढवला, फडक्याचं टोक बोटाला गुंडाळलं आणि गोल गोल घासायला लागल्या. अजिबात घाई नाही. कानाला लागलेला मळ आईनं काढावं इतक्या हळू. तोंडानं नंबर म्हणत होत्या, सगळा पाठ. पहिलं अक्षर वर आलं तेव्हा मी इतक्या जोरात "बरोबर!" ओरडलो की लायसनच्या रांगेतली माणसं वळून पाहायला लागली. मग ती जवळच आली. एकेक आकडा वर यायला लागला तशी गर्दी तो मोठ्यानं म्हणायला लागली. बाईंनी आधी म्हणायचं, मग पत्र्यानं दाखवायचं, मग गर्दीनं ओरडायचं. कुणीतरी बाईंच्या डोक्यावर छत्री धरली होती. लतीफभाई पुटपुटत होते, बहुधा दुआ मागत होते.

शेवटचा आकडा तेवढा हट्टाला पेटला. बाई म्हणाल्या आठ. पत्र्यावर दिसत होता तीन. साहेब जेवून आले तेव्हाही तीनच दिसत होता. त्यांनी कागद ठेवला, पेन्सिल आडवी धरली आणि अलगद फिरवली. आम्ही सगळे कागदावर वाकलो. काळ्यात एक पांढरी रेघ उमटली, वळली आणि मिटली. आठ!

काय आरडाओरडा झाला म्हणून सांगू! गव्हाणे सरांनी लतीफभाईंना उचललं. मी पंचावन्न वर्षांचा माणूस, सरकारी आवारात टाळ्या वाजवत उभा होतो.

पण चालवून बघणं राहिलं होतं. साहेब स्टिअरिंगवर बसले, खाली हात घालून गिअर शोधायला लागले. दांडा स्टिअरिंगखाली आहे हे सांगितल्यावर त्यांनी तो ओढला, गाडीनं एक उचकी दिली आणि बंद पडली. दुसऱ्यांदा तेच. बाई शांतपणे म्हणाल्या, "साहेब, सरका तिकडं." साहेब सरकले. बाईंनी आवारात एक गोल फेरा मारला, ब्रेक दाबला तिथं गाडी थांबली, आणि मग दोन ट्रकच्या मधल्या चिंचोळ्या जागेतून एका दमात मागं घेत आणून नेमकी पहिल्या जागी उभी केली. साहेब हसत उतरले.

"मॅडम, खरं सांगा. आजकाल कुणी ठेवत न्हाई अशी गाडी. आठवण म्हणून ठेवली का?"

बाई म्हणाल्या, "आठवणीला भिंतीवर फोटो हाय की. मला ही चालवायला आवडते. लय आवडते. रोज."

बस, एवढंच. इतकी वर्षं आम्ही तीन पक्ष करून बसलो होतो, आणि हे साधं उत्तर एकालाही सुचलं नव्हतं. नवऱ्याला जाऊन बारा वर्षं झालेल्या, साठीकडे झुकलेल्या बाईला एखादी गोष्ट नुसती आवडते म्हणून ती करू शकते, हे आमच्या डोक्यातच आलं नव्हतं. मला त्या क्षणी बाईंचा इतका अभिमान वाटला की काय सांगू.

साहेबांनी पाच वर्षांचा शिक्का मारला. बाईंनी तिथंच बॉनेटला टेकून मंदारला फोन लावला. "अरे, तुझी ती नोंदणी रद्द कर. हो. झालं. आठच निघाला." मंदारला आठाचं काही कळलं नसणार.

बाई गेल्या वर्षी निवृत्त झाल्या. शाल-श्रीफळ झालं, भाषणं झाली. पुढच्या सोमवारी मी आणि गव्हाणे सर मुकाट्यानं बसची वाट पाहत कोपऱ्यावर उभे होतो, तर आभाळी गाडी समोर येऊन थांबली. पायात तेच पांढरे बूट.

"बाई, तुमची नोकरी तर संपली!"

"माझी संपली. गाडी कुठं नोकरीला होती? बसा."

आम्हाला त्यांनी शाळेच्या फाटकाशी सोडलं. आता वळून परभणीला जातील असं मला वाटलं होतं. त्यांनी गाडी वळवलीच नाही. "कुठं निघालाव बाई?" मी खिडकीत वाकून विचारलं. त्या म्हणाल्या, "ठरवलं न्हाई अजून," आणि हसल्या. गाडीत दुसरं कुणी नव्हतं. त्यांनी दांडा ओढला, खिडकीवर कोपर टेकवलं आणि वेचणीला आलेल्या कापसाच्या मधून गाडी पुढं निघाली. दुसरा गिअर पडला, तिसरा पडला, इंजिन सुरात लागलं. गव्हाणे सर आणि मी फाटकातच उभे राहून आवाज येईनासा होईपर्यंत ऐकत होतो. मस्टरवर सही करायला त्या दिवशी आम्हाला दोघांनाही उशीर झाला.